नियोजन आणि फलत्याग : ओलोनी पायवाटेच्या निमित्ताने

निष्काम कर्माच्या शिकवणुकीवर घेतला जाणारा एक आक्षेप फार जुना आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. फळाची आशा सोडून कर्म करावे असे म्हटले, तर त्या कर्माची आगाऊ आखणी कोणत्या आधाराने करायची, असा तो आक्षेप आहे. कारण आखणी म्हणजे फळाकडे नजर ठेवून केलेला विचार, आणि ज्याने फळावरची नजर काढून घेतली त्याला वेळ, अंतर, साधने व अडथळे यांचा हिशेब मांडण्याचे प्रयोजनच उरत नाही, असे वरवर पाहता वाटते. हा प्रश्न युद्ध, राज्यकारभार, संसार अशा मोठ्या व्यवहारांच्या संदर्भात पुष्कळदा चर्चिला गेला आहे, परंतु तेथे कर्तव्य, स्वार्थ, भीती आणि लौकिक हे हेतू एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यांतून शुद्ध प्रश्न वेगळा काढणे कठीण जाते. म्हणून त्याचा विचार एखाद्या लहान, स्वेच्छेने पत्करलेल्या आणि लाभाची अपेक्षा नसलेल्या कर्माच्या आधारे करणे अधिक सोयीचे आहे. गवताळ उतार आणि ओक वृक्षांच्या टेकड्या यांतून जाणारी एखादी लांब व खडतर वाट एका दिवसात पायी पार करणे, हे असे कर्म होय. ते कोणी लादलेले नसते, त्यातून द्रव्य मिळत नाही, आणि तरीही ते पुरेशा आखणीवाचून हाती घेतले तर जिवावर बेतू शकते.

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियातील ‘ओलोनी वाइल्डरनेस’ ही पायवाट घेता येईल. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, फ्रीमॉंट शहराच्या कडेला ती सुरू होते आणि मिशन पीक, सुनोल व ओलोनी ही राखीव क्षेत्रे ओलांडून लिव्हरमोर गावाच्या दक्षिणेला डेल व्हॅले येथील जलाशयाशी संपते. तिची लांबी २८ मैल, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर आहे. प्रारंभीच २,५१७ फूट उंचीचे मिशन पीक चढून जावे लागते. तेथून वाट अलामेडा ओढ्याच्या खोऱ्यात, सुनोलपर्यंत जवळजवळ सर्व उंची गमावून खाली येते, आणि मग ३,८१७ फूट उंचीच्या रोझ पीककडे जाणारी दीर्घ चढण सुरू होते. त्या माथ्यानंतरही उतरण सरळ नाही, कारण विल्यम्स गल्च नावाच्या खोल घळीत उतरून पुन्हा वर यावे लागते. एकूण चढाईची बेरीज सात हजार फुटांहून अधिक भरते. वाटेचा काही भाग सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या जमिनीतून जात असल्यामुळे परवाना घ्यावा लागतो. फ्रीमॉंट आणि त्याच्या आसपास आज अनेक मराठी कुटुंबे राहतात, आणि त्यांच्यापैकी ज्यांचे पाय सह्याद्रीत तयार झाले आहेत त्यांना येथील एक फरक लक्षात घ्यावा लागतो : सह्याद्रीत बहुधा वाटेवर एखादी वाडी लागते, पाणी मिळते, वाट विचारता येते, येथे सुनोल सोडल्यापासून डेल व्हॅले येईपर्यंत एकही वस्ती नाही.

या वाटेची आखणी करू लागलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न वेळेचा येतो. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा मांडला होता : सपाटीवर तीन मैलांस एक तास धरावा आणि प्रत्येक दोन हजार फूट चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. या हिशेबाने २८ मैलांना सव्वानऊ तासांहून थोडा अधिक आणि सात हजार फुटांना साडेतीन तास, म्हणजे एकूण जवळपास तेरा तास लागतात. विश्रांती, जेवण व पाणी शुद्ध करण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. डिसेंबरात त्या अक्षांशावर दिवस साडेनऊ तासांच्या आसपास असतो, म्हणून तेव्हा हवा थंड आणि ओढे वाहते असूनही उजेड पुरत नाही. जूनमध्ये दिवस पावणेपंधरा तासांपर्यंत वाढतो, पण तोवर गवत वाळून पिवळे पडलेले असते, झऱ्यांचे पाणी कमी होते आणि सावली नसलेल्या कड्यांवर उष्माघाताचे भय उभे राहते. एप्रिलच्या मध्याच्या सुमारास दिवस तेरा तासांचा होतो आणि उन्हाळा अजून पुरता आलेला नसतो. उजेड, पाणी आणि उष्मा या तिन्ही अटी एकत्र जुळतील असा काळ वर्षातून थोडाच असतो, आणि त्यातही हाती शिल्लक जवळजवळ काही राहत नाही. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त विचारविनिमयाची मर्यादा सांगताना, अयनबिंदू किंवा ताऱ्यांचा उदय यांविषयी कोणी खल करीत नाही, खल फक्त आपल्या हातून होऊ शकणाऱ्या गोष्टींविषयी होतो, असे म्हटले आहे. सूर्यास्त कधी व्हावा हे ठरवता येत नाही. तो कधी होतो हे जाणून निघण्याची वेळ मात्र ठरवता येते. नियोजनाचा सारा प्रदेश या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

हा प्रदेश अधिक बारकाईने दाखवणारी मांडणी भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात आढळते. तेथे कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे कर्म जेथे घडते तो आधार, कर्ता म्हणजे ते करणारा, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे निरनिराळे व्यापार, आणि पाचवे दैव म्हणजे या चारांच्या पलीकडचे, कर्त्याच्या हाती नसलेले कारण. भाष्यकारांनी अधिष्ठानाचा अर्थ प्रामुख्याने देह असा केला आहे, आणि लांब चालीच्या बाबतीत तो अर्थ अक्षरशः लागू पडतो. परंतु देह ज्या भूमीवर चालतो तिलाही अधिष्ठानाच्या कक्षेत आणणे या विषयाला आवश्यक आहे.

ती भूमी कर्त्याच्या येण्यापूर्वीच अनेकांच्या कर्मांनी घडलेली असते. ओलोनी लोक उपसागराच्या परिसरात हजारो वर्षे राहिले. ओकची फळे कुटून, त्यांच्या पिठातील तुरट द्रव्य पाण्याने वारंवार धुऊन काढून ते त्यांचे अन्न करीत, आणि कुरणे मोकळी राहावीत म्हणून ठरावीक काळाने गवताला आग लावीत. १७९७ मध्ये मिशन पीकच्या पायथ्याशी स्पॅनिश धर्मप्रसारकांनी मिशन सॅन होजे स्थापन केले. त्यानंतर ओलोनी समाजाची वाताहत झाली, गुरांचे मोठे कळप आले, आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशांतून आलेल्या रानटी ओटसारख्या वर्षायू गवतांनी, म्हणजे एका पावसाळ्यात उगवून वाळणाऱ्या गवतांनी, मूळची बहुवर्षायू गवते बहुतांशी हटवली. ज्या हिरव्या-सोनेरी उतारांना पाहणारा अस्पर्श निसर्ग समजतो ते अशा रीतीने इतिहासाने घडवलेले आहेत. त्यांच्यावर विखुरलेले निळे ओक मात्र कॅलिफोर्नियाबाहेर कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत, आणि त्यांतले अनेक वृक्ष मिशनच्या स्थापनेहूनही जुने असू शकतात. ज्याने आपल्या योजनेत ही भूमी केवळ अंतर आणि उंची म्हणून धरली, त्याने पाचांपैकी पहिले कारण अर्धेच समजून घेतले असे म्हणावे लागेल.

उरलेली कारणे मोजण्यास सोपी, पण प्रामाणिकपणे मोजण्यास अवघड असतात. कर्ता किती चालू शकतो हे त्याच्या इच्छेवरून ठरत नाही, आधीच्या महिन्यांत त्याने किती चढ-उतार केले आहेत त्यावरून ठरते. करणांमध्ये पुरेसे पाणी, झऱ्याचे पाणी गाळण्याचे साधन, नकाशा, टोपी, जादा मोजे व बॅटरी येते, आणि वाटेची दोन टोके वेगवेगळी असल्यामुळे पलीकडच्या टोकाला वाहनाची सोयही येते. चेष्टेमध्ये दर तासाची गती, खाण्याची वेळ आणि उतारावर गुडघे सांभाळण्याची शिस्त मोडते. दैवाच्या कप्प्यात अवेळी आलेली उष्णतेची लाट, धुके, वाटेवर पसरलेला खुळखुळ्या साप, स्पर्शाने अंगावर फोड उठवणारे पॉयझन ओकचे झुडूप किंवा मुरगळलेला घोटा, असे सारे राहते. या मांडणीचे महत्त्व असे की ती दैवाला पाचवे स्थान देते, पहिले देत नाही; चार कारणांचा हिशेब पुरा केल्यावाचून दैवाचे नाव घेण्याचा अधिकार कर्त्याला मिळत नाही, आणि तो हिशेब कितीही पुरा केला तरी पाचवे कारण शून्य होत नाही.

येथे मूळ आक्षेपाचे उत्तर मिळू लागते. गीतेच्या त्याच अध्यायात तामस कर्माचे लक्षण दिले आहे, आणि ते फलत्यागाला बेफिकिरी समजणाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावे असे आहे. पुढे काय होईल याचा, किती व्यय होईल याचा, कोणाला इजा पोचेल याचा आणि स्वतःचे सामर्थ्य किती याचा विचार न करता मोहाने जे आरंभले जाते ते कर्म तेथे तामस ठरवले आहे. म्हणजे परिणामांचा विचार न करणे हा वैराग्याचा पुरावा नाही, तो अज्ञानाचा पुरावा आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘गीतारहस्या’त फलाशा सोडणे आणि कर्माचा परिणाम लक्षात न घेणे या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे प्रतिपादन केले, विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत त्याच्याही पुढे जाऊन, फळाच्या चिंतेत वेळ न घालवणाऱ्याचे कर्म अधिक नेटके होते असे दाखवले. परिणामविचार म्हणजे कोणत्या कृतीतून काय निष्पन्न होऊ शकते याचे ज्ञान. फलासक्ती म्हणजे त्यांतले एक विशिष्ट फळ मलाच आणि मिळालेच पाहिजे हा आग्रह. पहिला बुद्धीचा धर्म आहे, दुसरी ममत्वाची वृत्ती आहे, आणि पहिल्यावाचून दुसरी सोडताही येत नाही, कारण ज्याने संभाव्य फळे नीट पाहिलीच नाहीत त्याने सोडले काय, याला उत्तर नसते.

या भूमिकेवर दोन बाजूंनी हरकत घेतली जाते. पहिली हरकत सौंदर्याच्या आणि स्वातंत्र्याच्या बाजूची आहे : आखणी केलेले चालणे हे चालणेच नव्हे, कारण डोळे घड्याळाकडे लागले की वाटेवरचे काही दिसत नाही. हेन्री डेव्हिड थोरो यांच्या १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉकिंग’ या निबंधाचा या विचारावर मोठा प्रभाव आहे. घर, नाती व व्यवहार मागे टाकून, जणू परतायचेच नाही अशा वृत्तीने निघावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातील मुक्ततेची ओढ खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. परंतु थोरो व्यवसायाने भूमापक होते आणि कॉंकॉर्ड गावाभोवतीची जमीन त्यांच्या पायाखालची होती. ज्या वाटेचे ज्ञान वर्षानुवर्षांच्या परिचयाने अंगी भिनले आहे तेथे वेगळी योजना लागत नाही, कारण परिचय हीच तेथे योजना असते. अनोळखी आणि निर्जन वाटेवर जो ती आधी करीत नाही त्याचे लक्ष उलट दिवसभर पाणी, अंतर आणि अंधार यांच्याच चिंतेत अडकते. हिशेब घरी पुरा झाला असेल तरच डोंगरावर मन मोकळे राहते.

दुसरी हरकत श्रद्धेच्या बाजूची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. उद्याचा दिवस ज्याच्या हाती नाही त्याने उद्याची आखणी करणे हा उद्दामपणा होय, असे अनेक धर्मपरंपरांत सुचवले गेले आहे. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, आज-उद्या अमुक नगरास जाऊ आणि व्यापार करू असे म्हणणाऱ्यांना आयुष्य क्षणभंगुर असल्याची आठवण दिली आहे. पण त्या ठिकाणीही जाऊ नका असे सांगितलेले नाही, प्रभूची इच्छा असेल तर जाऊ असे म्हणा, एवढेच सांगितले आहे. रोमन स्टोइक विचारवंत सेनेका यानेही ज्ञानी मनुष्य प्रत्येक गोष्ट ‘मध्ये काही आडवे न आल्यास’ या राखीव अटीसह हाती घेतो, अशी शिकवण मांडली. धर्मपत्राचा लेखक आणि स्टोइक तत्त्वज्ञ यांचे जगाविषयीचे समज अगदी निराळे असूनही दोघांनी दोष शोधला तो योजनेत नव्हे, योजनेतून अट वगळण्यात. प्रश्न इतकाच राहतो की ही अट केवळ जिभेवर राहणार की योजनेच्या रचनेत उतरणार.

ओलोनी वाटेवर ती रचनेत उतरवण्याची जागा निश्चित दाखवता येते. सुरुवातीपासून सुमारे नऊ मैलांवर, एकूण वाटेच्या एक-तृतीयांश अंतरावर सुनोल येते; तेथे रस्ता आहे, वाहन येऊ शकते आणि थांबणे शक्य असते. त्यापुढे रोझ पीक सुनोलपासून साडेनऊ मैलांच्या आसपास आहे, आणि त्या माथ्यावरून डेल व्हॅलेचे अंतरही जवळजवळ तितकेच असल्यामुळे तेथून मागे फिरण्याने काही वाचत नाही. याचा अर्थ असा की वाट सोडून देण्याचा खरा निर्णय सुनोललाच घ्यावा लागतो, आणि तो अशा वेळी घ्यावा लागतो जेव्हा पाय अजून ताजे असतात, मिशन पीक मागे पडल्याचा आनंद मनात असतो आणि थांबण्याचे कोणतेही दृश्य कारण समोर नसते. जो माणूस सकाळी साडेसहाला निघाला त्याने अकरापर्यंत सुनोल गाठले नाही, तर नेस्मिथच्या हिशेबाने उरलेल्या वाटेला उजेड पुरणार नाही. हे गणित आदल्या आठवड्यात, शांतपणे बसून मांडता येते, पण डोंगरात भर चालीत ते मनाला पटत नाही. मायकेल ब्रॅटमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८७ मध्ये संकल्प आणि योजना यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात असे दाखवले की योजना इच्छेहून वेगळी असते, कारण एकदा केलेली योजना दर क्षणी पुन्हा तपासली जात नाही आणि याच स्थैर्यामुळे मर्यादित बुद्धीच्या माणसाला ती उपयोगी पडते. हे स्थैर्य बहुतेक लोक पुढे जाण्याच्या निश्चयापुरते धरतात. ते थांबण्याच्या निश्चयालाही तितकेच लागू आहे, किंबहुना थकलेल्या आणि मोहात पडलेल्या मनाला त्याची गरज अधिक आहे.

गीतेने धृतीचे, म्हणजे धारण करून ठेवणाऱ्या मनःशक्तीचे, तीन प्रकार केले आहेत, आणि भय, शोक, विषाद व मद यांना न सोडणारी धृती तामस म्हटली आहे. ठरलेली वेळ टळूनही पुढे रेटत राहणे लोकांना चिकाटी वाटते, परंतु ज्या वृत्तीने माणूस ‘मी पूर्ण केलेच पाहिजे’ या मदाला धरून ठेवतो ती या वर्गीकरणात धैर्याच्या नव्हे, तामस धृतीच्या बाजूला पडते. उलट सुनोलला अकरा वाजून गेल्यावर जो खळखळ न करता पाठपिशवी खाली ठेवतो, त्याने फलत्याग तेथे एकाएकी केलेला नसतो; त्याने तो घरी, कागदावर वेळ लिहिताना केलेला असतो आणि सुनोलला फक्त पाळलेला असतो. फलत्याग ही कर्म संपल्यावर मनाची समजूत काढण्याची युक्ती नाही, तो कर्माच्या आरंभीच घातलेला नियम आहे.

समर्पण आणि वेळापत्रक यांचा विरोध नाही, हे मराठी समाजाने शतकानुशतके पाहिलेले आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी शिस्तबद्ध रूप दिले. कोणत्या तिथीला कोठे मुक्काम, कोठे विसावा, कोणती दिंडी कोणत्या क्रमांकाने चालणार, हे सारे ठरलेले असते, आणि वारकरी आपले चालणे विठ्ठलाचे समजतो म्हणून मुक्कामाची वेळ सैल होत नाही. तेथे आखणी परंपरेने आणि समूहाने केलेली असल्यामुळे एकट्या वारकऱ्याच्या अहंकाराला तिच्यात शिरायला फारशी जागा नसते. एकट्याने किंवा दोघाचौघांनी आखलेल्या आधुनिक पदभ्रमणात तो आधार नसतो, म्हणून समूहाने जे काम केले असते ते त्या माणसाला स्वतःच्या नियमांकडून करून घ्यावे लागते.

अखेरीस, तामस कर्माच्या लक्षणातील इजेचा विचार स्वतंत्रपणे लक्षात घेण्याजोगा आहे, कारण एकट्याने केलेले साहस एकट्याचेच असते हा समज खोटा आहे. वाट चुकलेल्या किंवा उन्हाने कोसळलेल्या माणसाला शोधण्यासाठी बचावपथकातील माणसे स्वतःचा जीव धोक्यात घालून रात्री डोंगरात शिरतात. वाळलेल्या गवतावर पडलेली एक ठिणगी हजारो एकरांचा आणि अनेक घरांचा नाश करू शकते. उघडे राहिलेले फाटक चरणारी गुरे भलत्या रानात नेते. आणि संध्याकाळी निरोपाची वाट पाहणारे घरचे माणूसही त्या योजनेचा भागीदार असते, त्याला विचारलेले असो वा नसो. म्हणून मार्ग, परतण्याची अपेक्षित वेळ आणि ती टळल्यास कोणाला कळवायचे हे घरी लिहून ठेवणे ही केवळ खबरदारी नाही, तो एक नैतिक व्यवहार आहे. आपल्या इच्छेचा भार ज्यांच्यावर पडू शकतो त्यांना त्या इच्छेची मर्यादा सांगणे असे त्याचे स्वरूप आहे.

या सर्व विवेचनातून निष्पन्न होणारा निर्णय असा की नियोजन आणि फलत्याग यांत निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. भविष्यावर हक्क सांगणारी योजना सदोष असते, कारण तिने पाचवे कारण वगळलेले असते. आणि योजनेवाचून केलेला फलत्याग पोकळ असतो, कारण त्याने पहिली चार कारणे टाळलेली असतात. दोन्ही दोषांची परीक्षा एकाच कसोटीने होते. लांब वाटेला निघणाऱ्याने आपल्या कागदावर शिधा, पाणी, अंतर आणि माथ्यांच्या उंची लिहाव्यातच, परंतु कोणत्या ठिकाणी किती वाजता मागे फिरायचे हे त्यावर लिहिलेले नसेल, तर तो कागद अजून योजना झालेला नाही. आणि ते लिहिले असून वेळ आल्यावर जो ते पाळत नाही, त्याने निष्काम कर्माचे नाव घेऊ नये.